मान सोडवण्याचा घाट

भाताची कापणी उरकत आली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. दारांना कड्या लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि शाळेत जाणारी पोरे, सगळे एकाच टेम्पोत चढते. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी कोळसा पाडायला घाटावर, पार कर्नाटकापर्यंत. ही माणसे परत येतात ती पावसाच्या तोंडाला. पण जाण्याचा निर्णय दिवाळीच्या सुमारास होत नाही. तो होतो श्रावण-भाद्रपदात. तेव्हा डब्यात दाणा नसतो, हाताला मजुरी नसते आणि मुकादम वाडीवर येऊन काही हजार रुपये हातावर ठेवतो. या पैशाला उचल म्हणतात.

या महिन्यात आम्ही या उचलीबद्दल लिहिणार आहोत, आणि आमचा विषय गुलामगिरी आहे. ही जोड काही वाचकांना जड वाटेल. गुलामगिरी म्हणजे साखळदंड, जहाजे, अमेरिकेतले कापसाचे मळे. आपल्या सावित्रीकाठच्या तालुक्यांत ते कुठले, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी थोडे लांब जाऊन येऊ आणि मग परत वाडीवर येऊ.

ऊस, कापूस आणि माणूस

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे जहाजांत भरून अटलांटिक समुद्रापार नेली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. जी पोचली त्यांतली बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत जुंपली गेली. उत्तर अमेरिकेत तंबाखू आणि पुढे कापूस त्यांच्याच हातांनी पिकला. या माणसांत मुसलमानही पुष्कळ होते. उमर इब्न सईद नावाचे पश्चिम आफ्रिकेतले एक शिकलेले गृहस्थ १८०७ मध्ये पकडून अमेरिकेत विकले गेले. १८३१ मध्ये त्यांनी स्वतःची हकिकत अरबीत लिहिली आणि तिची सुरुवात सूरह अल-मुल्कने केली. ते मरेपर्यंत गुलामच राहिले.

शेतीला गुलाम कशाला लागले? उत्तर साधे आहे. जिथे जमीन मुबलक आणि माणसे कमी, तिथे मोकळा माणूस दुसऱ्याच्या मळ्यात कशाला राबेल? तो स्वतःपुरता तुकडा कसून खाईल. मळेवाल्याला तर शेकडो हात हवेत आणि तेही कमी पैशांत. म्हणून त्याने माणसाची मोकळीकच काढून घेतली. याच्या उलट, जिथे सगळी जमीन आधीच कोणाच्या ना कोणाच्या नावावर आहे, तिथे साखळीची गरज उरत नाही. भूक माणसाला दारात आणते आणि कर्ज त्याला तिथे बांधून ठेवते. ही दुसरी रीत आपल्या मुलखाची आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मळ्यांतल्या गुलामीचे मालक फक्त गोरे नव्हते. अब्बासी खिलाफतीच्या काळात बसऱ्याजवळच्या खाजणात पूर्व आफ्रिकेतून आणलेले हजारो गुलाम जमिनीवरचा खारट थर खरवडत राबत होते. त्यांनी ८६९ मध्ये बंड केले आणि ते १४ वर्षे चालले. एकोणिसाव्या शतकात जंगबारच्या लवंगेच्या बागा ओमानी सुलतानांच्या राज्यात गुलामांच्या कष्टांवर उभ्या होत्या. तिथे गुलामीची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये गेली. कोकणात गुलामांचा विषय निघाला की आपण अभिमानाने मलिक अंबरचे नाव घेतो. हबशी मुलखातून विकत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. पण ती लष्करातली गुलामी होती. शेतातल्या गुलामाला सेनापती होण्याची वाट नव्हती. आपल्या लोकांनी केलेला अन्याय झाकून आपला दीन मोठा होत नाही.

गिरमिट आणि खोती

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामी बंद करण्याचा कायदा केला. त्यात नुकसानभरपाई ठरली २ कोटी पौंड, आणि ती मिळाली गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. मॉरिशस बेटावर हा कायदा १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. पण ऊस तर तोडायचाच होता. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणे सुरू झाले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे मॉरिशसला गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी साजरी करतात.

या कराराला मजुरांच्या तोंडी गिरमिट हे नाव पडले. मुदत पाच वर्षांची. त्या मुदतीत मालक सोडता येत नसे. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. कागदावर हा मजूर मोकळा होता, त्याने अंगठाही स्वतःच उठवला होता. मळ्यावर मात्र त्याचे दिवस मोजणारी वही मालकाच्या हातात होती.

कोकणातला माणूस असल्या बोटीवर चढायला का तयार झाला असेल? त्याचे एक कारण त्याच्या पायाखालच्या जमिनीत सापडते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडातही, मोठ्या भागात खोती होती. खोत सरकारला सारा भरी आणि कुळांकडून पीक घेई. भातशेतीचा साधारण निम्मा वाटा आणि डोंगरउतारावरच्या वरकस पिकाचा, म्हणजे नाचणी-वरीचा, तिसरा हिस्सा. त्यावर खोताच्या शेतावर, खोताच्या घरी फुकट राबणे वेगळे. त्याला वेठ म्हणत. हिशेब खोत ठेवी आणि पावती मिळेलच असे नसे.

महाडच्या इतिहासाकडे या बाजूनेही पाहावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच परिषदेत त्यांनी महारकीची बांधलेली कामे सोडून शेतीकडे वळा, असेही सांगितले होते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी, ही रीत त्यांना गुलामीच वाटत होती. पुढे डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या मांडवासाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी १९३३ मध्ये खोतांची जमीन कसण्याचे बंद केले. तो संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे, टिकला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

खोत हे आडनाव आजही कोकणी मुसलमानांत आहे. म्हणजे कुळांकडून वेठ घेणाऱ्यांत आपलीही माणसे होती आणि मांडवाला जागा देणारेही आपल्यातलेच होते. दोन्ही वारसे आपल्याकडे आहेत. कोणता चालवायचा, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

वही कोणाच्या हातात?

खोती गेली, कूळकायदा आला, ज्यांची नावे कागदावर कूळ म्हणून लागली होती त्यांना जमीन मिळाली. कातकरी मात्र बहुधा कोणाच्याच कागदावर नव्हता. तो जंगलात खैराचा कात काढणारा, कोळसा पाडणारा, दुसऱ्याच्या बांधावर राबणारा. जंगल सरकारचे झाले, शेत कुळाचे झाले, आणि त्याची झोपडी ज्या जागेवर उभी आहे ती जागासुद्धा अनेक ठिकाणी दुसऱ्याच्याच नावावर राहिली. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने आदिम म्हणून मान्य केले आहे त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

आता भट्टीवरचा हिशेब पाहू. पुढचे आकडे केवळ समजण्यापुरते धरलेले आहेत. एका जोडीने, म्हणजे नवरा-बायकोने, श्रावणात ४०,००० रुपये उचल घेतली. सात महिन्यांच्या हंगामात दर आठवड्याला बाजारासाठी १,००० रुपये खर्ची मिळाली. ते झाले सुमारे २८,०००. दोन्ही मिळून ६८,००० रुपये जोडीच्या नावावर पडले. हजार विटांना ८०० रुपये दर धरला तर पहिल्या ८५,००० विटा फक्त हे फेडण्यात जातात. मध्येच अवकाळी पाऊस येऊन १०,००० कच्च्या विटा विरघळल्या तर त्या मोजल्या जात नाहीत. ८,००० रुपये अंगावर राहतात. मूल आजारी पडले, डॉक्टरचे पैसे मालकाने दिले, तेही वहीत चढतात. मेअखेर हिशेब होतो तेव्हा जोडी रिकाम्या हाताने परत येते, वर बाकी घेऊन. पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते, कारण बाकी तिथे आहे. जोडीने आपली वही ठेवलेली नसते. किती विटा थापल्या, किती मोजल्या, हे एकाच बाजूने लिहिलेले असते. पोरे विटा पालथ्या घालतात, माती कालवतात. त्यांचे नाव तर कुठेच नसते.

हा फास नवा नाही. ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगाव भागात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि त्यापायी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे जन्मभर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ती वेठ झुगारली. पण रीत पुरती मेली नाही. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले. ते उघड झाले एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर.

कायदा काय सांगतो

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे, हेही आम्ही सांगतो. गरजेच्या वेळी आगाऊ पैसे देणे हा गुन्हा नाही. फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात. बाकी असताना मजूर निघून जाऊ शकतो का? तो दुसरीकडे काम धरू शकतो का? त्याला किमान वेतनाइतके तरी पैसे पडतात का? यांतल्या एकाचेही उत्तर कर्जापायी ‘नाही’ असे येत असेल, तर ती उचल मानेवरचे जू झाली आहे.

घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशा मजुरावरचे बांधील कर्जच रद्द केले. ते फेडायचे नाही आणि कोणी मागायचेही नाही. मजूर वेठबिगार आहे असे म्हटले, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, कारण पोटाची सक्तीही सक्तीच असते. सुटका झालेल्यांसाठी २०१६ च्या केंद्रीय योजनेत १ ते ३ लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. या कामासाठी जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात, असे कायदाच म्हणतो. महाड-पोलादपूरच्या लोकांनी तक्रार घेऊन जायचे ते महाडच्या प्रांत कार्यालयात किंवा आपल्या तहसीलदाराकडे.

आपले घर, आपली वीट

आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतली माणसे आखातात आहेत. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, पगार चार महिने थकलेला, घरी मयत झाली तरी सुट्टीसाठी विनवणी; हे आपल्या आया-बहिणींना कोणी समजावून सांगायला नको. एजंटला दिलेल्या पैशांचे कर्ज फिटेपर्यंत परतता येत नाही, हेही त्या जाणतात. त्याच कमाईतून गावात घर उभे राहते. पाया भरला जातो, विटांचा ट्रक दारात येतो. तिकडे आपला मुलगा ज्या गाठीत अडकला आहे, तीच गाठ इकडे त्या विटा थापणाऱ्याच्या गळ्यात असेल, तर त्या घराच्या बरकतीचा विचार आपणच करायचा आहे. आपल्यातले काहीजण भट्टीमालक आहेत, काही ठेकेदार, काही बागायतदार. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

बुखारी शरीफमधल्या एका हदीसचा आशय असा की, कियामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध खुद्द अल्लाह फिर्यादी असेल. त्यांतला एक, मोकळ्या माणसाला विकून त्याची किंमत खाणारा. दुसरा, मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणारा. तिसरा, अल्लाहच्या नावाने दिलेला शब्द मोडणारा. माणूस विकणारा आणि मजुरी बुडवणारा यांना एकाच रांगेत उभे केले आहे, हे लक्षात घ्यावे.

कुरआनने जकातीचे आठ हक्कदार सांगितले. त्यांत माना सोडवण्यासाठी एक वाटा आहे आणि कर्जात बुडालेल्यांसाठीही एक. सूरह अल-बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची आणि जमल्यास कर्ज माफ करण्याची शिकवण आहे. आणि सूरह अल-बलदमध्ये नेकीच्या वाटेला एका खड्या चढणीची उपमा दिली आहे. ती चढण म्हणजे काय, तर मान सोडवणे आणि उपासमारीच्या दिवशी अनाथाला, मातीत पडलेल्या गरिबाला जेवू घालणे. आंबेनळी आणि कशेडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला घाट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. भुकेचा दिवस आणि गुलामीची मान ही दोन्ही त्या चढणीवर एकत्र येतात. आपल्याकडेही ती श्रावणातच एकत्र येतात.

हजरत सलमान फारसी (रजि.) मदिन्यात खजुरीच्या बागेत राबणारे गुलाम होते. बद्र आणि उहुदच्या वेळी ते येऊ शकले नाहीत, कारण त्यांचा वेळ त्यांचा नव्हता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना मालकाशी सुटकेचा करार करायला सांगितले. किंमत ठरली ३०० खजुरीची रोपे आणि ४० औकिया सोने. प्रेषितांनी (सल्ल.) सोबत्यांना मदतीचे आवाहन केले. कोणी ३० रोपे आणली, कोणी २०, कोणी १५, कोणी १०. सलमान (रजि.) यांनी खड्डे खणले आणि रोपे प्रेषितांनी (सल्ल.) स्वतःच्या हातांनी लावली. एका माणसाची मान सोडवायला सगळा शेजार लागला.

आज कायद्याने बांधील कर्ज आधीच रद्द केले आहे, म्हणून ते फेडत बसायचे कारण नाही. आपल्याला अडवायची आहे ती पुढची उचल. त्यासाठी आम्ही चार कामे सुचवतो.

पहिले, विटा, कोळसा किंवा मजूर घेताना दराबरोबर एक प्रश्न विचारा: मजुरांना हिशेबाची प्रत मिळते का? गिऱ्हाईक विचारू लागले की मालक उत्तर शोधू लागतो.

दुसरे, जे स्वतः मालक आहेत त्यांनी जोडीच्या हातात तिची वेगळी वही द्यावी, दर आठवड्याला विटांचा आकडा दोघांच्या समोर लिहावा, बाईची मजुरी बाईच्या हातात द्यावी आणि पावसाने गेलेल्या विटांचे नुकसान मजुरावर टाकू नये. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण वाझमध्ये ऐकतो. ती मेअखेरपर्यंत थांबण्यासाठी नाही.

तिसरे, गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी सुट्टीत जवळच्या वाडीवर जाऊन जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते यांचे अर्ज भरून द्यावेत. कागदावर नाव नसल्यानेच हा समाज बांधला गेला आहे.

चौथे काम जमातीचे. बैतुलमालात सदका आणि इमदादचा एक छोटा वेगळा फंड ठेवावा. जकातीचा पैसा कुठे चालेल हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. या फंडातून पावसाळ्यातल्या दोन महिन्यांसाठी गरजू कुटुंबाला धान्य द्यावे किंवा बिनव्याजी रोख कर्ज द्यावे. परतफेड पैशांतच घ्यावी, कामात कधीही नाही. पाच-सहा हजारांच्या आधारावर एखादे कुटुंब मुकादमाला सांगू शकते की यंदा उचल नको, हंगामात येऊ, आणि रोजच्या रोज मजुरी घेऊ.

हे सर्व आषाढातच ठरवावे लागेल. श्रावण लागला की मुकादम वाडीवर जातो, आणि आपण त्याच्या आधी तिथे पोचायला हवे.